रविवारची पाच मिनिटं

वाप्पूच्या, म्हणजे एक मेच्या फिनिश सणाच्या, सकाळी वेइक्कोनं मोटारसायकलच्या इंजिनाचं झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि ते इर्मेलीपुढे धरलं. बोटाला दुधाळ कॉफीसारखा चिकटा लागला होता.

"हिवाळ्यात चालू केली होती का कुणी?"

"मीच. दर रविवारी, पाच मिनिटं," इर्मेली तोऱ्यात म्हणाली. "एकदाही खाडा नाही केला. उणे पंचवीस होतं तेव्हासुद्धा."

वेइक्को शेजारचा मेकॅनिक. त्याच्या जिभेला एरवी हाड नसायचं, पण आज तो चिंधीला बोट पुसत राहिला. "अगं, पाच मिनिटांत इंजिन कुठलं तापतंय? नुसतं आतून घामेजतं. ते पाणी तेलात मिसळतं, गंज चढतो. आता सगळं उघडावं लागेल. या उन्हाळ्याचं विसर."

ऑक्टोबरात, अर्धांगाचा झटका येण्याआधी आठवडाभर, इर्मेलीच्या नवऱ्यानं, आउलिसनं, नेहमीसारखी हिवाळ्यापुरती गाडी झोपवली होती. टाकी काठोकाठ, तेल नवं, बॅटरीला चार्जर, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा आणि वर जुनी रजई. "वाप्पूपर्यंत हिला हात लावायचा नाही," हे तो दरवर्षी बजावायचा, तसं याही वर्षी बजावलं.

पण नवरा पलंगावर आणि गाडी रजईखाली, दोघंही मुकाट. ते तिला बघवेना. रविवारी चर्चची घंटा झाली की ती गॅरेजात जायची, बोळा काढायची, किल्ली फिरवायची. मग आत येऊन आउलिसचा डावा हात तेलानं चोळायची. "ऐकलंस ना? गाडी तयार आहे. कुठं जायचं ते ठरव." तो सरोवराकाठच्या एखाद्या गावाचं नाव घ्यायचा. दर रविवारी नवं गाव.

आज आउलिस फाटकापाशी खुर्चीत बसला होता. चामड्याचं जॅकेट तिनंच हट्टानं चढवलं होतं.

"तुझी गाडी घालवली रे मी," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. पहिल्याच रविवारी कळलं होतं."

"मग ओरडायचं नाही का? तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

"तोंड धड होतं. दगा यानं दिला." त्यानं मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "क्लच याच हातानं दाबतात, इर्मेली. हा आता उघडत नाही. गाडी बंद कर म्हटलं असतं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं."

क्लच कुठल्या हातानं दाबतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तीस उन्हाळे ती त्याच्या मागं बसली होती. हिवाळाभर तो हात चोळतानाही तिला ठाऊकच होतं. ती खुर्चीशेजारी मटकन बसली आणि रडली.

"एवढी चांगली गाडी," ती म्हणाली. "नुसती झोपू दिली असती तर वेइक्कोनं तरी चालवली असती."

"चालवली असती," आउलिस म्हणाला. "पण हिवाळा फार लांब होता गं."

तेवढ्यात वळणावरून आवाज आला. गावातल्या मोटारसायकली वर्षाच्या पहिल्या फेरीला निघाल्या होत्या, बारा-पंधरा असतील, आणि दरवर्षी या घोळक्यात पुढं आउलिस असायचा. रस्त्यात भेटलेल्या गाडीवाल्याला डावा हात दाखवायचा, ही त्यांची जुनी रीत. फाटकाशी ते जॅकेट दिसताच पहिल्यानं हात बाहेर काढला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं.

आउलिसनं मान ताठ केली. त्याचा हात मांडीवरच राहिला.

इर्मेलीनं तो मनगटाशी धरला, वर उचलला आणि शेवटची गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच धरून ठेवला.