लाईव्हचा नियम

वेल्ह्याच्या बाजारातल्या खोलीत बसून शेफाली धोंडाबाईंच्या चुलीवरच्या स्वयंपाकाचं चॅनल सांभाळायची. आज दिवेलागणीला डोंगरावरच्या वस्तीवरून लाईव्ह चालू होतं. घरात एकट्या धोंडाबाई मोबाईलसमोर भाकरी थापत होत्या. मागच्या उघड्या दारातून अंगणातल्या शेळीची घंटा ऐकू येत होती. ती एकदम थांबली. "आजी, मागे कुत्रा आलाय का?" कुणीतरी कमेंट टाकली. शेफालीनं स्क्रीन मोठी केली. दाराबाहेर बिबट्या उभा होता. "मागं बघा," तिनं कमेंटमध्ये लिहिलं. मग आठवलं, धोंडाबाईंना वाचता येत नाही. तिनं फोन लावला. धोंडाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला. "कुणाचातरी फोन येतोय," बघणाऱ्यांना हसून म्हणाल्या, "पर मी न्हाई घेनार. लाईव्हमधी फोन आला तर कट करायचा, आमच्या शेफालीनं बजावलंय." त्यांनी कट केला. शेफालीनं पुन्हा लावला. आता दार रिकामं होतं.