शांताएवढा वाटा

"शांताच्या वाट्यात पाच बांगडे आणि माझ्यात तीन? पैसे तर तेवढेच घेतलेस ना, मावशी?"

नलूने ताटली पुढे केली. अंबिका कोळीण पाटीवर ओलं फडकं टाकत होती. भाऊच्या धक्क्यावरची मासळी घेऊन ती लालबागच्या या चाळीत येई, आणि तिच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे.

"शांताचा नवरा मिलच्या संपात घरी बसलाय," अंबिका म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचा पगार चालू हाय."

"म्हणून माझ्याकडून वसुली? सरकार लागून गेलीस काय?"

"सरकारपेक्षा बरी. मी घेतलेलं कुठं जातं ते तुला दारातून दिसतं."

नलू कंजूस नव्हती. संपाला वर्ष उलटलं होतं, आणि शेजारी शांताची चूल कशी पेटते हे तिला ठाऊक होतं. पण न विचारता काढून घेतलेलं तिला सलायचं. शिवाय तिचा नवरा रघु हल्ली रोडावला होता. कॉटन ग्रीनच्या कापसाच्या गोदामात तो मुकादम. नेलेला डबा अर्धा तसाच परत आणी. त्याच्या पानात दोन बांगडे पडावेत, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती अंबिकाशीच काय, अंबिकाच्या एकवीरेशीही भांडली असती.

"द्यायचंच तर मी माझ्या हाताने देईन."

"तुझ्या हातचं शांता घेईल? रडत बसंल. माझ्याशी भाव करते, चार शब्द सुनावते, मग घेते. उपकाराचा घास गिळत नाय, बाय."

हे खरं होतं, म्हणून नलू जास्तच चिडली. मग प्रत्येक फेरीला हेच. शांताला ऐकू जाऊ नये म्हणून दोघी आवाज खाली ठेवून भांडत.

एका सकाळी मात्र नलूने तोंड उघडायच्या आतच अंबिकाने तिच्या ताटलीत पाच बांगडे टाकले.

"आलीस ना वठणीवर?" नलू म्हणाली.

"आले, बाय. तुझंच बरोबर." पैसे घेताना अंबिकाने तिचा हात जरा वेळ धरून ठेवला. "त्याला गरम गरम वाढ. पोटभर जेवू घाल."

संध्याकाळी नलूने रघुच्या पानात दोन तळलेले बांगडे वाढले आणि सगळं भांडण रंगवून सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती अशी खुलून बोलत होती. रघु तिच्याकडे बघत राहिला. तिला असंच बोलू द्यावं, असं त्याला फार वाटलं.

"अहो, जेवा ना. शेवटी तिने मला शांताच्या बरोबरीला आणलंच."

रघुने हातातला घास खाली ठेवला.

"गोदामाला टाळं लागलंय, नलू. काल अंबिकाने मला धक्क्यावर बसलेलं बघितलं."