सामुद्रधुनीपलीकडचा मामा

इंडोनेशियातल्या आमच्या रोटे बेटावर शब्द एकदाच दिला जातो, आणि दिला की दिला. निदान पाहुण्यांना तरी आम्ही असंच सांगतो. प्रत्यक्षात लग्नाच्या बोलणीत इथे कुठलीच गोष्ट एकदा बोलून भागत नाही. बोलणी करणारा म्हातारा प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतो, दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत, आणि तोवर भात गार होतो.

त्या दुपारी मात्र या कामातला सगळ्यात वाकबगार म्हातारा, तोबियास, एका ताडाखाली रिकामा बसला होता. बोलणी फोनवर चालली होती आणि फोन मेल्कीच्या हातात होता. मेल्की शाळेत विज्ञान शिकवायचा.

लग्न त्याच्या बहिणीचं, अदोल्फिनाचं. मामाच्या होकाराशिवाय ते लागणार नव्हतं, आणि सोलेमानमामा सामुद्रधुनीपलीकडे कुपांग शहरात. समुद्र खवळल्यामुळे बोट बंद. बोट सुरू झाली की पहिल्याच फेरीने अदोल्फिनाचा ओबेद दूर कालिमंतान बेटावरच्या पामतेलाच्या मळ्यावर निघणार होता, दोन वर्षांसाठी. त्याआधी लग्न लागलं तर ती बरोबर जाणार. नाहीतर मागे राहणार.

चर्चमागच्या टेकडीवर फोनला रेंज येई आणि जाई. मेल्कीने जमलेल्यांना हलू नका म्हणून बजावलं. फोनची लाट एका वाटेने येत नाही, म्हणाला. एक थेट येते, एक पाण्यावर आपटून येते. दोघींचं जमलं तर आवाज, बिनसलं तर शांतता. म्हाताऱ्या बायकांना हे लगेच पटलं. नातेवाईकांचंही तसंच असतं, त्या म्हणाल्या.

"मामा, लाईन खराब आहे, थोडक्यात सांगा," मेल्की ओरडून म्हणाला. "लग्नाला हो की नाही?"

खरखर झाली. मग काहीच नाही. मेल्की दोन पावलं डावीकडे सरकला, पुन्हा फोन लावला, पुन्हा तेच विचारलं. पुन्हा काहीच नाही.

आमच्याकडे मामाची शांतता म्हणजे मामाचा राग. कारण शोधायला टेकडीला फार वेळ लागला नाही. आजोबांच्या मयताला मामाच्या वाट्याला मानाची म्हणून डुकराची मागची तंगडी आली होती, असं कोणीतरी काढलं. ती लहान होती, असं दुसऱ्याने काढलं. तिसऱ्या फोननंतर ती तंगडीच नव्हती, नुसतं हाड होतं, यावर एकमत झालं. अदोल्फिनाची आई खाली मान घालून बसली. ओबेद उगाच आपल्या बॅगेची चेन लावत-काढत होता.

अदोल्फिना उठली. भावाच्या हातातून तिने फोन घेतला आणि ताडाखाली जाऊन तोबियासच्या हातात दिला.

"आजोबा, तुम्ही बोला. काही गाळू नका."

"अगं, बॅटरी संपेल," मेल्की म्हणाला.

तोबियासने घसा साफ केला. त्याला घाई म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. "वारा विचारतो ताडाला, पाणी विचारतं होडीला," त्याने सुरू केलं. "भाचीला वाट द्यायची का? पोरीला दार उघडायचं का?"

पलीकडे मामाही जुन्या वळणाचे. ओळींच्या जोडीला जोडी देणं आलंच. पहिली ओळ खरखरीत बुडाली. दुसरीचं शेपूट तेवढं वर आलं: "...दार उघडा." तोबियासने पुढची जोडी टाकली. या खेपेला पहिली ओळ खणखणीत आली, "भाचीला वाट द्या," आणि दुसरी समुद्रात गेली. एका अर्ध्या जोडीतून हो, दुसऱ्या अर्ध्या जोडीतून पुन्हा हो. अदोल्फिनाच्या आईने पदराने तोंड पुसलं आणि तांदूळ किती टाकायचे ते विचारायला खाली निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्र्याने लग्न लावलं. तोबियासने हा परंपरेचा विजय असल्याचं जाहीर केलं. मेल्कीच्या मते तो विज्ञानाचा होता. एकच निरोप दोन वेगळ्या रूपांत पाठवला की एक तरी पोचतो. दोघे जेवण होईपर्यंत भांडत होते.

चार दिवसांनी बोट सुरू झाली. पहिल्या फेरीने सोलेमानमामा उतरले आणि त्याच बोटीत नवराबायको चढले. धक्क्यावर मेल्कीने सगळ्यात आधी मामांची माफी मागितली, त्या तंगडीबद्दल.

"कसली तंगडी?" मामा म्हणाले. "मी पहिल्याच फोनला हो म्हणालो होतो. दुसऱ्यालाही, तिसऱ्यालाही. थोडक्यात सांगा म्हणालास ना तू."