आई पडद्यावर येते तेव्हा

आमच्या बोबो-जुलासो शहरातल्या फिल्म सोसायटीने जुने चित्रपट सभासदांसाठी वेबसाइटवर ठेवले, तेव्हा मी नातीला म्हटलं, "कोरोतिमी, ज्याचं शूटिंग आमच्या गावात झालं होतं, तो लाव."

"त्यात नाचली होतीस की काय, म्हातारे?" आमच्याकडे नात म्हणजे आजीची थट्टेतली सवत, त्यामुळे तिला सगळं माफ.

"माझी आई आहे त्यात, सवतबाई. डोळे उघडे ठेव."

आईचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. उघड्यावरच्या थिएटरात तो चित्रपट लागला की मी हटकून जाई. डोक्यावर पाण्याचा घडा घेतलेली आई पडद्याच्या एका कडेने येई आणि दुसऱ्या कडेने निघून जाई. मी डोळे पुसेपर्यंत ती गेलेली असे.

आज आई आली आणि कोरोतिमीने चित्र तिथेच थांबवलं. "घे, बघ आता हवं तेवढं."

मी पोटभर पाहिलं. तिचं कपाळ, कानातली डुलं, घडा धरलेला हात. समोरचा चहा गार झाला.

मग म्हटलं, "चालू कर गं आता. केव्हाची घडा घेऊन उभी आहे, मान अवघडली असेल तिची."