कोमट पाणी

कारखान्यातल्या जुळ्या हीट एक्स्चेंजरपैकी एकातून पाणी कडकडीत तापून येत होतं, दुसऱ्यातून कोमट. दुसरा परवाच धुऊन जोडला होता माझ्या सासऱ्यांनी, इथल्या सगळ्यांत मुरलेल्या फिटरने. आतल्या प्लेटा एकाआड एक उलट्या लावल्या, की कडांवर मधाच्या पोळ्याची नक्षी दिसते. इथे सलग तीन प्लेटा एकाच दिशेने बसल्या होत्या; पाण्याची वाटच बुजली होती. मी तिथे बोट ठेवलं. “बाबा, हे बघा.” ते वाकले. “काय बघू? पोळं झकास आहे! तुझा पंपच आळशी असेल, इंजिनिअरबाई.” बोटाखालची चूक त्यांना दिसतच नव्हती. “चला, तुझ्या लेकीला शाळेतून आणतो.” त्यांनी स्कूटरची किल्ली काढली. मी ती हिसकावली. “बाबा, कधीपासून दिसत नाही तुम्हाला?” “अगं, घाबरतेस काय? शाळेचा रस्ता तोंडपाठ आहे मला.”