आईच्या हातावरचं गोंदण

माझ्या पाठवणीच्या वेळी मावश्या डोळे पुसत होत्या आणि माझी आई मात्र नवरदेवाला बाजूला घेऊन आपला उजवा हात दाखवत होती. कोपराखाली हिरवं गोंदण होतं: 'लेकीला पेनिसिलिन देऊ नका.'

मी चार वर्षांची असताना त्या इंजेक्शननं माझा घसा सुजून श्वास कोंडला, कशीबशी वाचले. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा दिलं तर पोर हाती लागायची नाही. पुढच्या जत्रेत आई गोंदणारणीसमोर जाऊन बसली. गोंदणारीण म्हणाली, "पोरीच्याच हातावर काढू की."

"तिला कशाला सुई? ती माझ्या कडेवरच असते," आई म्हणाली.

"आता ती तुमच्याकडे," आई नवरदेवाला सांगत होती. "शुद्धीवर नसली, तर तिच्या वतीनं सांगणार कोण?"

त्यानं शेरवानीची बाही वर सारली. तीच अक्षरं होती, फक्त 'लेकीला'च्या जागी 'बायकोला'. कातडी अजून लाल होती.

आईनं तो हात दोन्ही हातांत धरून नीट वाचला. "सुजलंय हो. खोबरेल लावा," म्हणाली, आणि मग कुठं तिला रडू फुटलं.