वळसंगची रीत

चन्नम्माने कोरी चादर वासराच्या पाठीवर टाकली आणि तिच्या टोकाने त्याचे तोंड, मान चांगली खसाखसा पुसून काढली. वासराला बरे वाटले. त्याच्या डोळ्यांभोवती राखाडी खपल्यांची कडी उठली होती आणि दिवसभर गोठ्याच्या खांबाला घासून घासून त्याने खांब गुळगुळीत केला होता.

"कारहुणवीचा, गुरांचा सण हाय. वासराला झूल नको व्हय?" ती मोठ्याने म्हणाली. अंगणात कुणी नव्हते, पण असते तर ऐकायला बरे.

चन्नम्मा वळसंगच्या शेतकऱ्याची लेक. गोठ्यातले गजकर्ण माणसाला लागते हे तिला कुणी शिकवायला नको होते. माहेरी एकेक करून सगळ्या भावंडांना ते उठून गेले होते. वासरू विकले, दुसरे आणले, तरी त्या खांबाला अंग घासले की नव्या वासरालाही तेच. तिला स्वतःला लहानपणीच होऊन गेले होते, त्यामुळे ती बिनधास्त होती.

चादर होती दाक्षायणीसाठी, तिच्या सवतीसाठी.

नवरा रुद्रप्पा, नव्या पेठेतला कापडवाला. चन्नम्माची कूस उजवली नाही म्हणून गेल्या साली त्याने दुसरे लग्न केले. मुलगी चन्नम्मानेच पसंत केली. लोकांनी वाहवा केली. वाहवा करायला लोकांचे काय जाते? तिने मुद्दाम काटकुळी, सावळी पोर निवडली होती. पण सहा महिन्यांत दुधातुपाने तिच्या अंगावर अशी कांती चढली की चन्नम्माने आरशात बघायचे सोडले.

रुद्रप्पा रोज रात्री चन्नम्माच्या हातचे जेवायचा, तिच्या हातचे पान खायचा आणि उठायचा. मग मागच्या दाराची कडी वाजायची. दाक्षायणीच्या माडीचा जिना परसातूनच होता. कडी वाजली की चन्नम्माची झोप उडाली. वर्षभर हेच. नवरा परत हवा होता तिला, दुसरे काही नको होते.

एक बसव्वा तेवढी जीव लावणारी. मागच्या बोळातली विधवा, दुपारी येऊन बसायची. म्हणायची, "त्या पोरीनं मालकाला कायतरी चारलंय, चन्नक्का. तुजं सोनं दुसरीच लुटती बघ. ध्यान ठेव तिच्यावर." चादरीचे मात्र चन्नम्माने तिलाही सांगितले नाही. काही गोष्टी पोटातच बऱ्या.

तिने दाक्षायणीला हाक मारली.

"आमच्या वळसंगला रीत हाय. कारहुणवीला वासराच्या अंगावरची चादर घरातल्या धाकटीनं पांघरायची. कूस उजवती म्हणत्यात. झटकायची न्हाय, धुवायची न्हाय."

अशी रीत वळसंगलाच काय, त्रिभुवनात कुठे नव्हती. पण पोरीने चादर कपाळाला लावली आणि वाकून नमस्कार केला. "अक्का, तुमी किती करता माझ्यासाठी."

चन्नम्माला क्षणभर कसेसेच झाले. मग कडी आठवली आणि ते कसेसे गेले.

आषाढ लागला आणि रुद्रप्पाच्या मानेवर गोल चट्टा उठला.

"घामोळं हाय," तो म्हणाला.

"व्हय की," चन्नम्मा म्हणाली. तिने टाकळ्याचा पाला लिंबाच्या रसात वाटला आणि त्याच्या मानेला लावला. वर्षात पहिल्यांदा तिची बोटे त्या मानेला लागत होती. लेप लावताना तिला रडू येत होते आणि हसूही. चादर कामाला लागली होती. आता पोरीचे तोंड तेवढे चट्ट्यांनी भरायचे राहिले होते. मग बघू, कोण जातो जिना चढून.

पण पोरीचे तोंड काही भरेना. दाक्षायणी रोज विहिरीवरून धुतलेल्या तांदळासारखी निर्मळ यायची. बसव्वाही येईनाशी झाली होती. अंगात कसर आहे असा निरोप आला होता.

शेवटी चन्नम्माने दाक्षायणीला वेणी घालायला म्हणून पुढ्यात बसवले. केस वर करून मान पाहिली, कानामागे पाहिले, दंड पाहिले. साधा पुरळसुद्धा नव्हता.

"चादर पांघरतीस न्हवं?"

पोरीचे खांदे हलायला लागले.

"चादर माझ्याजवळ कुटं हाय, अक्का? त्याच दिवशी मालकांनी नेली. मला वाटलं, तुमच्या खोलीत असंल."

"माझ्या खोलीत?"

"ते तुमच्याकडंच असत्यात की रोज. पयल्या महिन्यात आले ते आले. त्यानंतर जिना चढले असतील तर शपथ. मी म्हटलं, थोरल्यांचा मान. लाज वाटती, कुणाला सांगू?"

चन्नम्माच्या हातातली फणी तशीच केसांत राहिली. तिने पोरीचे डोळे स्वतःच्या पदराने पुसले. मग चप्पलही न घालता ती उठली आणि मागच्या दाराने बोळात गेली. मन मोकळे करायला जगात तिला एकच जागा होती.

बसव्वा उकाड्यातही पदर गळ्याभोवती गच्च लपेटून बसली होती. चन्नम्मा तिच्यासमोर मटकन बसली.

"बसव्वा, ती पोर न्हवंच गं. बिचारी माझ्यासारखीच. तिसरीच कोणतरी हाय."

बसव्वा ताडकन उभी राहिली. "कोण ती भवानी? नुसतं नाव सांग मला, झिंज्या उपटून तुज्या हातात देते!" असे म्हणून तिने दोन्ही हात उगारले, आणि पदर खांद्यावरून खाली आला. तिच्या गळ्यापासून खाली चोळीच्या आतपर्यंत गोल गोल चट्टे उतरत गेले होते, मध्ये पांढरे आणि कडेने लाल.